मुदतीचा रकाना

“ताई, वऱ्हाड आलं का हो?”

चौगुलेकाकांचा फोन सकाळी सव्वाअकराला आला तेव्हा मी बाणेरच्या ऑफिसात डबा उघडून थालीपिठाचा पहिला तुकडा मोडत होते. एरवी हे वाक्य ते हसत बोलायचे. आज आवाजात हसू नव्हतं.

“परत?” मी विचारलं.

“परत. काल दुपारी एकदा आणि आता दुसऱ्यांदा. पाणी निम्म्या गल्लीत आलं हुतं. स्नेहल म्हणाली, दोन मिनिटांची सूचना आली आणि मशीन गेलं. आता सगळं पयल्यापासनं.”

“काका, दहा मिनिटं द्या. मी आत जाऊन विचारून येते.”

हे वऱ्हाड कुठलं आणि पाणी कुठलं, ते आधी सांगायला हवं. आमची कंपनी मोठे कम्प्युटर भाड्याने द्यायची. ते असायचे तळेगावच्या पुढे एका गारेगार इमारतीत, आणि गिऱ्हाईक आपल्या घरी बसून इंटरनेटवरून ते वापरायचं. बँका, विमा कंपन्या वगैरे बडी मंडळी पूर्ण दराने घ्यायची. त्यांना एखाद्या दिवशी अचानक दुप्पट लागले तर कमी पडू नयेत म्हणून आम्ही कायम जास्तीचे कम्प्युटर तयार ठेवायचो. तो एखादा दिवस सोडला तर ते नुसते वीज खात पडून असायचे. ते शिल्लक कम्प्युटर पाव किमतीत लहानसहान लोकांना विकायचे, हे माझं काम. भाव तासातासाला खालीवर व्हायचा आणि अट एकच असायची: पूर्ण दराचं गिऱ्हाईक आलं की दोन मिनिटांची सूचना देऊन मशीन परत घेणार.

असल्या गोष्टी इंग्रजी तक्ते दाखवून समजावायचा मला कंटाळा. मी सरळ मंगल कार्यालयाचं उदाहरण द्यायची. मुहूर्त नसतात तेव्हा हॉल रिकामा असतो, मग मालक साड्यांच्या सेलला स्वस्तात देतो. पण लग्न आलं की सेलवाल्याने गाठोडं बांधायचं. चौगुलेकाकांना हे फार आवडलं होतं. तेव्हापासून मशीन गेलं की त्यांचा फोन यायचा, वऱ्हाड आलं का म्हणून.

विलास चौगुले हे कोल्हापूरचे. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी सिनेमाची मोठमोठी बॅनर हाताने रंगवली. मग फ्लेक्स आलं आणि धंदा बसला. दुसरा कुणी असता तर नशिबाला दोष देत बसला असता. हा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी सुनेकडून कम्प्युटर शिकायला बसला. सून, म्हणजे स्नेहल, त्यातली जाणकार होती. सासरा चित्रं काढायचा आणि सून ती हलती करायची. तीन वर्षं खपून दोघांनी अकरा मिनिटांचा एक चित्रपट जवळजवळ पुरा केला होता. दोन हजार पाचच्या पुरात पंचगंगेचं पाणी त्यांच्या गल्लीत कसं शिरलं, एवढीच गोष्ट. परदेशातल्या एका महोत्सवाने नमुना बघून पूर्ण चित्रपट मागवला होता. शेवटची वेळ शनिवारी दुपारी बारा. हा फोन आला तो गुरुवार होता.

राहिला होता फक्त शेवटचा प्रसंग, घराघरांतून पाणी वाहतं तो. असं पाणी कम्प्युटरवर तयार करायचं म्हणजे थेंबाथेंबाचा हिशेब, आणि प्रत्येक क्षण आधीच्या क्षणावर उभा. मधूनच तोडून चालत नाही. सलग तीस तास मशीन हवं. मध्ये काम जपून ठेवता यायचं, पण फाइल इतकी अवजड की जपायलाच दीड तास लागे, म्हणून स्नेहल दहा-दहा तासांनी एकदाच जपायची. दोन्ही वेळा मशीन गेलं ते नवव्या तासाला. आता आणखी एकदा गेलं असतं, तर तीन वर्षं पाण्यात गेली असती.

मी डबा बंद केला आणि उठले. मला खरं तर आश्चर्य वाटत होतं. कारण असं होऊ नये याची सोय मी स्वतः केली होती.

माझ्या गिऱ्हाइकांच्या यादीत मी एक रकाना वाढवला होता. पिवळ्या रंगाचा. दर सोमवारी मी सगळ्यांना फोन लावायची, या आठवड्यात कुणाचं काय अडलंय ते विचारायची आणि रकान्यात लिहायची. ‘मुदत शुक्रवार. पीएचडीचा प्रबंध. हात लावू नये.’ ‘मुदत मंगळवार. औषधाची चाचणी. हात लावू नये.’ मशीन परत घ्यायची वेळ आलीच तर सिस्टीमने आधी हा रकाना बघावा आणि ज्यांना घाई नाही त्यांची मशीन आधी काढावीत, अशी माझी कल्पना. ऑफिसातले बाकीचे मला हसायचे. हर्षदा दांगट विक्रीखात्यात नाही, अंगणवाडीत कामाला आहे, म्हणायचे. निरंजनदादा मात्र हसला नव्हता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला होता, “चांगलं आहे. सिस्टीमला जोडून घेतो मी.”

निरंजन फडतरे हा माझा साहेब. आम्ही दोघं कराडच्या एकाच कॉलेजातले, तो सहा वर्षांनी पुढे. ऑफिसात सगळे त्याला नुसतं निरंजन म्हणत, मी दादा म्हणायची. या नोकरीत त्यानेच आणलं मला. बोलायचं कसं, थांबायचं कुठे, मेल किती ओळींची लिहायची, सगळं त्याने शिकवलं. माझ्या बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी मुंबईला मीटिंगमध्ये होते. दादाने त्यांना स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि मी येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिला. त्या दिवसापासून माझ्या मनात त्याची जागा ठरून गेली होती.

“दादा, चौगुल्यांना दोनदा काढलंय,” मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले. “रकान्यात लिहिलेलं असताना.”

त्याने मान वर केली. “जेवलीस?”

“नाही. दादा, त्यांची शनिवारची मुदत आहे.”

“बस आधी.” त्याने खुर्ची पुढे ओढली. “गर्दी झालीये गं. एका बँकेचं काम अचानक आलं. रकाना बघते सिस्टीम, पण जागाच उरली नाही तर तो रकाना तरी काय करणार?”

“शनिवारपर्यंत परत नाही ना काढणार?”

“ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.” त्याने लॅपटॉपवर काहीतरी बघितलं. “एक कर. त्यांना पूर्ण दरावर घे. मग कुणी हलवू शकत नाही. वर्षाचा करार करत असतील तर पंधरा टक्के मी माझ्या अधिकारात सोडतो. एरवी नसतं सोडलं. तुझा माणूस आहे म्हणून.”

मला भरून आलं. खोटं कशाला सांगू? मी त्याला दोनदा थँक यू म्हणाले आणि जागेवर येऊन कोल्हापूरला फोन लावला.

काका शांतपणे ऐकत होते. सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, “गर्दी हाय म्हंता?”

“हो काका. बँकेचं काम आलंय.”

“तुमी सोता बघितलासा?”

“आत्ताच विचारून आले.”

मग ते म्हणाले, “एक इचारतो, राग मानू नका. आमाला पूर्ण दरावर न्यायचं म्हणून तर न्हाई न्हवं चाललं हे?”

राग आलाच मला. तीन वर्षं मी या माणसाचं मशीन डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. “काका, माझ्या बाबांची शपथ घेऊन सांगते. जागा नाही म्हणूनच काढलंय. जागा असती तर तुमच्या मशीनला मी कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नसतं.”

मागून स्नेहल काहीतरी हळू बोलली. मला शब्द कळले नाहीत.

“बरं,” काका म्हणाले. “पाठवा कागद.”

वर्षाचा करार म्हणजे त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. चित्रपटाच्या शेवटी संबळ आणि हलगी खऱ्या वाजवणाऱ्यांना बसवून रेकॉर्ड करायची, म्हणून त्यांनी काही रक्कम बाजूला ठेवली होती. ती या करारात गेली. संगीत मग स्नेहलने इंटरनेटवरून तयार मिळतं तसलं घेतलं. पण मशीन पुन्हा गेलं नाही. शनिवारी साडेदहाला चित्रपट पाठवून झाल्याची दोन शब्दांची मेल आली आणि मी निरंजनदादाला केबिनच्या काचेतून अंगठा दाखवला. त्यानेही दाखवला.

पुढे काकांचे फोन बंद झाले. पूर्ण दराच्या गिऱ्हाइकाला माझी गरज नसते, हे मला ठाऊक होतं. तरी सोमवारच्या फोनांमध्ये त्यांचं नाव आलं की मी एकदा लावून बघायची. स्नेहल उचलायची आणि म्हणायची, सगळं ठीक आहे मॅडम.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दादा मला जेवायला घेऊन गेला. बाणेर रोडवरचं थाळीचं हॉटेल होतं. बसल्या बसल्या म्हणाला, “आज तुझा मान आहे. मॅनेजर होतेयस तू. पत्र सोमवारी हातात येईल.”

मी तोंडात घेतलेला घास तसाच राहिला. बाबांना काय वाटेल हा पहिला विचार.

“कशाबद्दल?”

“कशाबद्दल काय विचारतेस?” त्याने ताट जरा सरकवलं, लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे फिरवला. “ही तीन महिन्यांची कमाई. स्वस्तातली चाळीस गिऱ्हाइकं काढली, त्यातली एकतीस पूर्ण दरावर आली. एकतीस. गेल्या वर्षी अख्ख्या वर्षात सात आली होती.”

पडद्यावर यादी होती. पहिल्या रकान्यात नावं, दुसरा रकाना पिवळा. मी वाचायला लागले. प्रबंधवाला मुलगा होता त्यात, औषधाची चाचणी करणारी बाई होती. नवव्या ओळीत चौगुले. पुढे माझेच शब्द: ‘मुदत शनिवार दुपार. पुराच्या पाण्याचा शेवटचा प्रसंग. तीन वर्षांचं काम. हात लावू नये.’ त्याच्यापुढे कुणीतरी लिहिलं होतं: ‘काढले: बुधवार, गुरुवार. वळले: गुरुवार.’

“हे काय आहे, दादा?”

“तुझाच रकाना. सोनं आहे ते.” तो मनापासून खूश होता, तेच मला अजून आठवतं. “स्वस्तातला माणूस पूर्ण दरावर का येत नाही? कारण त्याला कधी नड पडत नाही. नड पडते मुदतीच्या तोंडावर. मुदतीच्या पंधरा दिवस आधी काढलं तर तो दुसऱ्या कंपनीकडे जातो. दोन-तीन दिवस आधी काढलं तर जायला वेळच नसतो. आता कुणाची मुदत कधी हे कळणार कसं? ते तू दर सोमवारी गोळा करून ठेवतेस.”

“पण गर्दी होती ना? बँकेचं काम?”

“कुठली बँक? अर्धी इमारत रिकामी होती तेव्हा.”

“तू मला सांगितलंस, गर्दी आहे म्हणून.”

“सांगितलं. तू खरं समजून बोललीस म्हणून त्यांना पटलं. तुला खोटं बोलता येत नाही, हर्षदा, ते मी पहिल्या दिवसापासून ओळखून आहे.” तो भाकरी मोडत होता. “आणि अटीत लिहिलेलं आहे, कंपनी कधीही परत घेऊ शकते. कुणाचं नुकसान केलं आपण? त्यांची कामं पूर्ण झाली, वेळेत झाली.”

“मी हात लावू नये असं लिहिलं होतं.”

“म्हणून तर कळलं, हात कुठे लावायचा ते.”

लोक म्हणतात असल्या वेळी रडू येतं. मला आधी लाज वाटली, भर हॉटेलात कुणी अंगावरचं लुगडं ओढावं तशी. राग मागाहून आला. मी त्याला काय म्हणाले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी बाबांचं नाव काढलं. म्हणाले, माझ्या बाबांसाठी तासन्‌तास बसलास बाकावर, त्यांची शपथ घेऊन मी त्या म्हाताऱ्याला सांगितलं, जागा नाही म्हणून.

दादाचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. “त्याचा इथे काय संबंध? ते मी माणूस म्हणून केलं होतं.”

त्याच्या लेखी ते दोन वेगळे कप्पे होते आणि दोन्ही खरे होते. केसाने गळा कापणारा माणूस मुळात दुष्ट असला म्हणजे बरं असतं. निदान पुढे त्याची आठवण काढताना बाकावर बसलेला तो दिसत नाही. मी ताटावरून उठले. मॅनेजरपदाचं पत्र सोमवारी आलं आणि माझा राजीनामा त्याच दिवशी गेला.

पुढच्या रविवारी मी कोल्हापूरला गेले. गंगावेशीत, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत चौगुल्यांचं घर होतं. चित्रपटात बघितलेली तीच गल्ली, तेच ओटे. मी तीन वर्षं फोनवर ऐकलेला माणूस पहिल्यांदा समोर बघितला. उंच, वाळका, बोटांच्या पेरांत जुना रंग मुरलेला.

“या मॅडम,” ते म्हणाले.

स्नेहलने पाणी आणून ठेवलं आणि ती दाराशी उभी राहिली. मी पाण्याला हात न लावता सगळं सांगून टाकलं. रकाना कशासाठी केला, कुणी कसा वापरला, बँक नव्हती, गर्दी नव्हती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे मी किती वेळा म्हणाले कोण जाणे. बोलताना मला वाटत होतं, आता हे चकित होतील, चिडतील, आणि मग मला म्हणतील, ताई, यात तुमची काय चूक.

दोघांपैकी कुणीच चकित झालं नाही.

“आमाला ठावं हाय,” काका म्हणाले.

“काय?”

“गर्दी नव्हती ते.” त्यांनी सुनेकडे बघितलं. “सांग गं.”

स्नेहल म्हणाली, “गुरुवारी मशीन गेलं तसं मी लगेच दुसरं खातं काढलं. माहेरच्या नावानं, स्नेहल मगदूम. तसलंच मशीन मागितलं, त्याच स्वस्तातल्या दरात. एका मिनिटात मिळालं. तुमचा फोन आला तेव्हा ते माझ्यासमोर चालू होतं.”

नव्या खात्याला माझ्या यादीत जागा नव्हती. त्याच्यापुढे पिवळा रकाना नव्हता. म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता.

“मग तुम्ही करार कशाला केलात?” मी विचारलं.

“त्ये तरी कवा काढून घेशीला, नेम काय?” काका म्हणाले. “मुदत परवावर आल्याली. तीस तासांचं काम जुगारावर कोण लावंल? म्हणून सही केली. पर त्याआधी तुमास्नी एकदा इचारलं, खरं काय ते. म्हटलं, ह्या बाईनं खरं सांगितलं तर सगळंच पैसं गेलं तरी वाईट वाटायचं न्हाई.” त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. “तुमी वडिलांची शपथ घेतलीसा.”

मी खरं बोलत होते, असं सांगायला मी पाच तास प्रवास करून आले होते. आणि त्या दोघांनी दोन महिने मला, मशीन समोर चालू असताना बापाची खोटी शपथ वाहणारी बाई म्हणून ओळखलं होतं.

“काका, मला खरंच माहीत नव्हतं.”

“असंल,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना विश्वास ठेवायचा होता, आणि तो बसत नव्हता. “महोत्सवाचं पत्र आलं. घेतला न्हाई आमचा. चित्रं लई चांगली म्हंत्यात. संगीत बाजारातलं वाटतंय म्हंत्यात. बरोबर हाय त्यांचं.”

त्यांनी मला जेवून जायचा आग्रह केला. कोल्हापुरात दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवत नाहीत, त्या रिवाजातला तो आग्रह होता. मी जेवले. निघताना स्नेहल गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली.

“असे किती जण आहेत, मॅडम?” तिने विचारलं.

“एकतीस. तुम्ही धरून.”

“मग बाकीच्या तीस जणांना कोण सांगणार?”

मी तोवर त्यांचा विचारसुद्धा केला नव्हता. मी आले होते माझं नाव धुवायला, तेही एका घरात.

“मी सांगते,” मी म्हणाले.

“आठवणीनं सांगा,” ती म्हणाली आणि वळली.

सगळ्यांचे नंबर माझ्या फोनमध्ये होते. सोमवारी पहिला फोन लावायला घेतला आणि वाटलं, नोकरी लागू दे आधी, मग बोलावं मोकळेपणी. महिनाभराने एका नव्या कंपनीत माझं जवळपास ठरलं, पण त्यांना आधीच्या साहेबाचं पत्र हवं होतं. मी तीन दिवस टाळलं आणि चौथ्या दिवशी निरंजनदादाला दोन ओळी लिहिल्या. त्याने तासाभरात उत्तर पाठवलं. गिऱ्हाइकांना घरच्या माणसासारखं जपणारी अशी दुसरी व्यक्ती आपण पाहिली नाही, असं त्याने लिहिलं होतं, आणि ते त्याने मनापासून लिहिलंय हे मला कळत होतं.

मी ते पत्र अर्जाला जोडलं. नोकरी लागली. त्याला आता दहा वर्षं होतील, आणि त्या तीस जणांपैकी एकालाही मी अजून फोन केलेला नाही.